उरलेल्यावरून गेलेलं : घरच्या सर्व्हरमधली एक डिस्क जाते तेव्हा



आयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा शंकराचार्य, नाहीतर गेला बाजार कांट अशी असावी. आम्ही 'हार्ड डिस्क' म्हणालो. पलीकडं थोडा वेळ शांतता पसरली. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं मुदखेडात उभं राहून हार्ड डिस्कवर बोलावं, हे चमत्कारिक वाटणं साहजिक आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडलं, त्यानं आम्हाला जन्मभर शिकवलेला एक धडा नव्यानं शिकावा लागला. तो तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा खटाटोप.

पूर्वी घरात एक लोखंडी ट्रंक असायची. सातबारा, लग्नपत्रिका, मार्कशीट, आजोबांचा एकुलता एक फोटो, सगळं तिच्यात. आता ती ट्रंक डिस्कमध्ये गेली आहे. इथं समोर फोटो स्टुडिओ चालवणारे दोघेतिघे बसले आहेत. त्यांच्या कपाटात अर्ध्या तालुक्याची लग्नं असतील! डिस्क आज ना उद्या जाणार, यात शंका नाही. ती जाते तेव्हा आपण पहिल्या तासात काय करतो, यावर बाकीचं ठरतं.

पेटी म्हणजे काय

आमच्या घरी एक छोटी पेटी आहे. तिला 'नॅस' म्हणतात. घरातला साठवणीचा सर्व्हर असं समजा. तिच्यात चार डिस्क, प्रत्येकी ४ टीबीच्या. बेरीज १६ होते, पण वापरायला मिळतात १२. चौथा हिस्सा जातो कुठे? तो विम्याचा हप्ता आहे. चारांतली कुठलीही एक डिस्क मेली तरी माहिती जाऊ नये, यासाठी तो खर्ची पडतो. या रचनेला 'रेड' म्हणतात. पोलिसांची नव्हे. १९८८ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त डिस्कांची टोळी करा, आणि त्यातली एखादी मरणारच हे गृहीत धरून आधीच सोय करून ठेवा.

सोय कशी, ते तोंडी हिशेबानं सांगतो. तीन डिस्कांवर तीन आकडे आहेत असं धरा : ७, १२ आणि ५. चौथीवर त्यांची बेरीज लिहिली : २४. आता १२ वाली डिस्क मेली. घाबरायचं कारण नाही. २४ मधून ७ आणि ५ वजा करा, १२ परत मिळाले. यंत्र प्रत्यक्षात बेरीज करत नाही, सम-विषम जुळवतं, आणि त्या जुळणीला 'पॅरिटी' म्हणतात. ही पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता चौघींवर आलटून पालटून लिहिली जाते. पण तत्त्व हेच. उरलेल्यावरून गेलेलं काढायचं.

आम्ही तीसेक वर्षं वर्गात न्यायदर्शन शिकवलं. गौतमाच्या न्यायसूत्रात अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत, त्यातला एक 'शेषवत्'. वात्स्यायनानं त्याचे जे अर्थ दिले, त्यात एक आहे परिशेषाचा : शक्यता मोजा, ज्या लागू पडत नाहीत त्या काढून टाका, जी उरली ती खरी. शब्द म्हणजे द्रव्य, गुण की कर्म? द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून गुण. आमच्या टेबलावर गुरगुरणारी ती पेटी दिवसरात्र शेषवत् अनुमानासाठी सज्ज बसली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मे महिन्यातली दुपार

गेल्या मे महिन्यात एका दुपारी लाईट तीनदा गेली आणि आली. यूपीएसची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेलेली; बदलू बदलू म्हणत राहून गेलेली. तिसऱ्यांदा लाईट आली आणि पेटी ओरडायला लागली. चार दिव्यांपैकी तिसरा नारिंगी.

आम्ही काय केलं? जे कुणीही करेल ते. पेटी बंद केली, चालू केली. दिवा नारिंगीच. मग तिसरी डिस्क ओढून काढली, फुंकर मारली, परत आत सारली. आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. पडद्यावर दोन बटणं आली. एक म्हणत होतं दुरुस्ती करू का, दुसरं म्हणत होतं नवीन रचना तयार करू का. बोट दुसऱ्या बटणाच्या जवळ गेलं होतं, हे इथं कबूल करतो. 'नवीन' हा शब्द त्या क्षणी फार आशादायक वाटला.

नशीब, की बोट थांबलं आणि आम्ही नांदेडला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो तिथं संगणक शिकवतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "सर, आता काहीच करू नका. कुठलंच बटण दाबू नका. पेटी बंद करून ठेवा, मी रविवारी येतो."

काहीच करू नका. आजच्या व्याख्यानातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे, आणि ते आमचं नाही.

काहीच का करायचं नाही?

परत आपल्या हिशेबाकडे या. १२ गेले. हातात ७, ५ आणि २४. या क्षणी माहिती शाबूत आहे, पण तिच्या मागचा विमा संपलेला आहे. आता या तिन्हींतला एकही आकडा गेला, तर उत्तर निघणार नाही. ७ आणि १२ दोन्ही गेले, तर २४ आणि ५ वरून दोघांची बेरीज १९ एवढंच कळेल. वेगवेगळे आकडे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाहीत.

याहून वाईट एक प्रकार आहे. ७ गेला नाही, पण गुपचूप ९ झाला, समजा. यंत्र इमानदारीत वजाबाकी करेल : २४ वजा ९ वजा ५, उत्तर १०. गणित बिनचूक आणि उत्तर चूक! कुठंही लाल दिवा लागणार नाही.

वर्गात आम्ही हेच शिकवायचो. नदीला गढूळ पूर दिसला की वर पाऊस झाला असं अनुमान करतात. न्यायसूत्रातच त्यावर आक्षेप नोंदवलेला आहे : कशावरून? कुठंतरी प्रवाह अडला असेल म्हणूनही पाणी चढलं असेल. नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. गोदावरी चढते ती दर वेळी आभाळामुळंच असं नाही, कधी जायकवाडीतून पाणी सोडल्यामुळंही चढते. म्हणजे अनुमान हे त्याच्या आधाराइतकंच खरं. उरलेल्यावरून गेलेलं कळतं, पण तीन अटींवर : नेमकं एकच गेलेलं असावं, कोणतं गेलं ते ठाऊक असावं, आणि उरलेलं खरं असावं. डिस्क गेल्यावरचे सगळे नियम या तीन अटींतून निघतात.

रविवार

विद्यार्थी आला. चहा झाला. पेटीला हात लावण्याआधी त्यानं वही उघडली.

पहिलं काम, कोणती डिस्क गेली ते नक्की करणं. प्रत्येक डिस्कच्या लेबलावर अनुक्रमांक छापलेला असतो. पडद्यावर जिचा अनुक्रमांक 'बिघडलेली' म्हणून दिसतो तीच काढायची. 'तिसरा दिवा म्हणजे तिसरी डिस्क' हे गृहीत धरायचं नाही, कारण काही पेट्या शून्यापासून मोजतात, काही एकपासून. चांगली डिस्क चुकून उपटली जाणं हा या धंद्यातला नेहमीचा अपघात आहे. त्यानं चारही डिस्कांवर चिकटपट्ट्या लावून १, २, ३, ४ लिहिलं. साधं काम, पण ते आधी झालं पाहिजे.

दुसरं काम, उरलेल्यांची तपासणी. प्रत्येक डिस्क स्वतःची एक आरोग्य-नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. त्यात तीन आकडे बघायचे : किती जागा खराब म्हणून बदलल्या, किती जागा संशयित आहेत, आणि किती वाचताच आल्या नाहीत. वायरीच्या चुकांचाही एक आकडा असतो. तोच तेवढा वाढलेला असेल तर डिस्क ठीक असू शकते, दोष केबलचा असतो. ५० रुपयांच्या केबलपायी चांगल्या डिस्का फेकल्या जातात.

आमच्या पहिल्या डिस्कवर ३ जागा संशयित निघाल्या. दिवा मात्र हिरवा होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. २००७ साली गूगलच्या तिघा संशोधकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःची तपासणी करताना डिस्कला पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असं त्यांना आढळलं. पण त्याच अभ्यासात हेही निघालं, की मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांमध्ये मरणाआधी चार मुख्य लक्षणांपैकी एकही नव्हतं. म्हणजे लक्षण दिसलं तर ताबडतोब घाबरा, आणि दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

तिसरं काम, आणि हेच लोक शेवटी ठेवतात : जे पुन्हा मिळणार नाही ते आधी बाहेर काढणं. आमचा उतावळेपणा असा, की नवी डिस्क घाला आणि पुनर्बांधणी सुरू करा. तो म्हणाला, "सर, पुनर्बांधणी म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत वाचणं. १२ टीबीची दौड. आजारी माणसाला आधी पळवायचं का?"

साध्या घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की फार तर १०० लाख कोटी बिट वाचल्यावर एखादी जागा वाचता येणार नाही. त्याचे होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात बऱ्याच डिस्का याहून बऱ्या वागतात. पण वर्षानुवर्षं न वाचलेल्या कोपऱ्यात काय झालंय, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही, आणि पुनर्बांधणी नेमकी त्या कोपऱ्यात जाते.

म्हणून आम्ही यादी केली. सिनेमे, डाउनलोड केलेली पुस्तकं, प्रोग्राम, हे सगळं परत मिळण्यासारखं. मिळणार नाही असं काय? आमच्या टिपणवह्यांचे स्कॅन, घरचे फोटो, आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या. सगळं मिळून ७०० जीबीसुद्धा भरलं नाही. बारा टीबीच्या पेटीत आपलं म्हणावं असं एवढंच. ते एका साध्या बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतलं. सगळं उतरलं. एक फाईल अडली. ओव्यांचीच.

ओव्यांची फाईल

या ओव्या आम्ही १९८९ साली कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढं त्या संगणकावर उतरवल्या आणि कॅसेटी भंगारात दिल्या. पेटी आहे ना, एक डिस्क मेली तरी चालतं ना! इथं आमची तर्कातली चूक झाली. पेटी एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. ती चोरीपासून वाचवत नाही, विजेपासून वाचवत नाही, आणि मालकाच्या बोटापासून तर मुळीच नाही. चुकून पुसलेली फाईल चारही डिस्कांवरून एकदम पुसली जाते. पेटी ही प्रत नव्हे. मूळ प्रत भंगारात गेली, त्या दिवशी आईचा आवाज एकाच ठिकाणी उरला.

आता पहिल्या डिस्कच्या त्या ३ संशयित जागा. त्यानं पेटी बंद केली, डिस्क क्रमांक १ काढून एका साध्या संगणकाला जोडली आणि 'डीडीरेस्क्यू' हा मोफत मिळणारा प्रोग्राम लावला. अँटोनियो डियाझ डियाझ यांनी तो लिहिलाय. त्याची युक्ती शहाण्या माणसाची आहे. सरळ वाचता येतं तेवढं आधी वाचून नव्या डिस्कवर उतरवायचं, अवघड जागा नकाशावर टिपून पुढं जायचं, आणि सगळं हाती आल्यावर मग त्या अवघड जागांकडे परत वळायचं. एकाच खराब जागेवर डोकं आपटत बसलं, तर डिस्क तिथंच जीव सोडते आणि चांगला भागही जातो. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनाही आम्ही हेच सांगायचो.

रात्रभर काम चाललं. सकाळी तीनपैकी दोन जागा वाचल्या गेल्या. एक राहिली. ४०९६ बाइट. चार टीबीच्या हिशेबात हे म्हणजे पोत्यातला एक दाणाही नव्हे.

पण आपलं गणित आठवा. ७ च्या जागी शून्य आलं तर २४ वजा ० वजा ५, उत्तर १९. म्हणजे पहिल्या डिस्कवरचं एक छिद्र दोन जागा बिघडवतं : एक तिची स्वतःची, आणि दुसरी मेलेल्या डिस्कवरची, जी तिच्यावरून काढायची होती. तिसरी डिस्क त्या एका जागेपुरती जरी वाचता आली असती, तर तिच्यावरून पहिलीचं छिद्र बुजवता आलं असतं. म्हणून बाद झालेली डिस्क लगेच फेकायची नसते. आम्ही मात्र ती ओढून, फुंकर मारून, परत सारून, चालू-बंद करून पार संपवली होती. आतलं वाचणारं टोक तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतरावरून फिरत असतं. धुळीचा कण त्याच्यापुढं डोंगर. टक् टक् आवाज आला की वीज बंद करायची आणि हात जोडायचे. फार मोलाचं असेल तर धूळरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेत द्यायची. घरी उघडायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

दुसरा एक सापळाही त्यानं सांगितला. समजा एक डिस्क महिन्यापूर्वीच गळाली होती आणि कुणी पाहिलं नाही, आणि आज दुसरी गेली. तेव्हा जुनी गळालेली डिस्क चालतेय म्हणून तिला जबरदस्तीनं टोळीत घ्यायचं नाही. ती महिन्यापूर्वीची माहिती सांगेल. बैठकीतून मध्येच उठून गेलेल्या माणसाला ठराव विचारण्यासारखं ते होईल. प्रत्येक डिस्कवर घटनांचा एक क्रमांक असतो, तो जुळवून बघायचा. सगळ्यात शेवटी जी गेली, तिचीच नक्कल काढून घ्यायची.

मग पहिलीची नक्कल, दुसरी आणि चौथी जोडून रचना आधी फक्त वाचण्यापुरती उभी केली. सगळं दिसतंय याची खात्री झाल्यावर, तिसरीच्या जागी नवी डिस्क घालून पुनर्बांधणी सुरू केली. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात. आम्हाला अकरा लागले. तोवर यूपीएसला नवी बॅटरी आली होती.

त्या छिद्रानं बिघडलेल्या दोन जागांपैकी एक रिकामी निघाली. दुसरी ओव्यांच्या फाईलीत.

पाव सेकंद

४०९६ बाइट म्हणजे त्या फाईलीत साधारण पाव सेकंद. फाईल आता वाजते. आई गाते, जात्याची घरघर ऐकू येते, एका ओवीत मध्येच एक खट्ट होतं, आणि ती पुढं गात राहते. गेलं ते एक अक्षर. मागं उरलंय '…ऊळ'. देऊळ की राऊळ?

शेषवत् अनुमान लावून पाहिलं. देऊळ अर्थाला बसतं, राऊळही बसतं. मात्रा सारख्याच. आमची आठवण ठामपणे राऊळ म्हणते. अहमदपूरच्या आमच्या थोरल्या अक्कांना फोन केला. त्या आईबरोबर जात्यावर बसलेल्या. त्या तितक्याच ठामपणे म्हणाल्या, "देऊळ! तू तेव्हा परगावी शिकत होतास, तुला काय ठाऊक?"

दोन साक्षी, दोन उत्तरं. तिसरा साक्षीदार असता तर कौल घेतला असता. दोन प्रती जुळल्या नाहीत, तर चूक आहे एवढंच कळतं, कुणाची ते कळत नाही. डिस्कलाही हेच लागू आहे.

आपल्याकडच्या लोकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. वेद पाठ करणाऱ्यांनी नुसती संहिता पाठ केली नाही. क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं असं म्हणतात, म्हणजे मधला प्रत्येक शब्द दोन शेजाऱ्यांबरोबर येतो. घनपाठात तर शब्द उलटसुलट अनेकदा फिरवले जातात. एक शब्द सुटला किंवा जागा बदलली, की लगेच अडखळायला होतं. चूक झाली हे कळण्याची सोय त्यांनी पाठांतरातच ठेवली.

दुसरं उदाहरण मराठीतलं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून जमवल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या पाठावरून तो पुन्हा उभा केला गेला, आणि त्यात हिराइसा या बाईंच्या पाठाचा मान मोठा. ही सुद्धा उरलेल्यावरून केलेली पुनर्बांधणीच. आता बघा, आठवणी जिथं जुळल्या नाहीत तिथं त्या लोकांनी काय केलं? सोयीचं एक ठेवून बाकीचं पुसलं नाही. कुणाची आठवण काय म्हणते ते 'वासना', 'शोधु' अशा खुणा करून मजकुरातच नोंदवलं. म्हणून आज आपल्यापुढं वेगवेगळे पाठ आहेत, आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांची आवृत्ती निघाली तेव्हा पारखायला काही होतं.

आम्हीही तेच केलं. त्या फाईलीतलं छिद्र आम्ही बुजवलं नाही. आज कुणाचाही आवाज जोडून 'देऊळ' म्हणवून घेता येतं. विद्यार्थी तयारही होता. आम्ही नको म्हणालो. फाईलीशेजारी एक चिठ्ठी लिहून ठेवली : इथं पाव सेकंद गेलेला आहे, अक्का देऊळ म्हणतात, आम्ही राऊळ म्हणतो. चुकीचं भरलेलं छिद्र नंतर कुणाला सापडत नाही. उघडं ठेवलेलं छिद्र निदान खरं तरी असतं.

आता काय करतो

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर जगाला खुल्या आहेत. गावोगावच्या बायकांकडून त्या आल्या, अनेक ठिकाणी पोचल्या, म्हणून टिकतील. आमच्या आईच्या ओव्या एका पेटीत होत्या, म्हणून एक अक्षर गेलं. सगळं गेलं नाही हे नशीब.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावावर एक नियम चालतो, ३-२-१ : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. तिसरा भाग लोक विसरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. घरच गेलं तर घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. आमची एक प्रत आता अक्कांकडे अहमदपूरला असते. दर दिवाळीला डिस्क जाते, जुनी परत येते. इंटरनेटवर ठेवायची असेल तर तीही चालेल, पण एक तरी हातात असू द्या.

बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. पेटीला महिन्यातून एकदा सगळ्या जागा वाचून तपासायला लावा, त्याला 'स्क्रब' म्हणतात. बहुतेक पेट्यांत ती सोय असते. आमची पेटी चार वर्षांत एकदाही तपासलेली नव्हती. चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. एका वयाच्या डिस्का मागंपुढं एकत्र म्हाताऱ्या होतात. एक कोरी डिस्क कपाटात असू द्या. मोलाच्या फायलींचे 'चेकसम', म्हणजे त्यांचे ठसे, काढून ठेवा. पुढं ७ चा ९ झाला तर त्यावरूनच कळेल. आणि वर्षातून एकदा प्रतीवरून एखादी फाईल खरोखर परत काढून बघा. परत काढून न पाहिलेली प्रत म्हणजे नुसती श्रद्धा.

प्रश्नोत्तरांतून

एका स्टुडिओवाल्या भाऊंनी विचारलं, "सर, दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी पेटी घेतली, तर मग प्रतीची कटकट नको ना?"

नाही. दोन पॅरिटीवाली रचना मिळते आणि मोठ्या डिस्कांसाठी ती घ्यावीच. पुनर्बांधणीत दुसरी डिस्क अडखळली तर तुम्ही वाचाल. पण नवरीचं फोल्डर चुकून पुसलं तर? पेटी ते तितक्याच चोखपणे पुसेल. दोन डिस्कांचा विमा आणि दुसऱ्या गावातली प्रत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागून एका मुलीनं विचारलं, "आजोबा, मग ते खरं काय होतं? देऊळ का राऊळ?"

बाळ, आम्हाला माहीत नाही. तुमच्या घरी आजी असेल, तिला ओव्या येत असतील, तर आज घरी जाऊन मोबाईलवर घे. आणि एक प्रत मामाच्या गावाला पाठव.